न दिसणारे गोंदण

रायपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी असून त्यातील पहिली तीन पाने घरगुती हकीकतीत गेली आहेत. परंतु चौथ्या पानावर त्यांनी जे विचारले आहे, ते एकट्या त्यांच्याच घरापुरते नाही. म्हणून या वेळचे सदर त्या उत्तरासाठीच खर्ची घालावे असे ठरविले आहे.

अठराव्या शतकात, भोसल्यांच्या अमदानीत, नागपूरकडून छत्तीसगढात येऊन जी मराठी कुटुंबे स्थायिक झाली त्यांपैकी त्यांचे एक. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी अशा तीन भाषांत वाढलेली त्यांची कन्या पदार्थविज्ञानात एम्.एस्‌सी. झाली आहे. तिला पुढे पुण्यास जाऊन संशोधन करावयाचे आहे. विषय कोणता, तर अतिसूक्ष्म सुईच्या टोकाने एखाद्या गुळगुळीत पृष्ठभागावर नॅनोमीटरच्या मापाच्या आकृती काढणे. हे ऐकून घरातील आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे ही पोर पाच वर्षे गोदना काढायला शिकणार म्हणायची!" घरात हशा पिकला. पण आईचे समाधान हसण्याने झाले नाही. त्या लिहितात, "जे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही ते कोरण्यात मुलीची उमेदीची पाच वर्षे जावीत काय? त्यातून कोणाचे काय भले होते? आणि हे काम आपल्या देशात, आपल्या ऐपतीत होते तरी काय?"

प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्यापूर्वी मुळात हे काम काय आहे ते आपण नीट समजावून घेतले पाहिजे.

आजीबाईंनी थट्टेत म्हटले, पण त्यांचा शब्द फार नेमका पडला आहे. आपल्याकडील गोंदण ते छत्तीसगढातील गोदना. देवार समाजातील स्त्रिया गावोगाव हिंडून काजळीच्या शाईने व सुयांनी हातांवर, पायांवर गोदना काढीत आल्या. सरगुजा भागातील स्त्रिया तेच नक्षीकाम आता कापडावरही उतरवितात. गोदन्यात रेघ अशी नसतेच. असतात ते एकाशेजारी एक टोचलेले ठिपके. ठिपका कोठे पडावा, किती खोल जावा आणि दोन ठिपक्यांत अंतर किती असावे, हे सारे सुई धरणाऱ्या हातावर अवलंबून असते. शास्त्रज्ञ आज सुईने जे करीत आहेत ते याहून निराळे नाही. फरक आहे तो मापाचा.

मापाचा हा फरक किती, ते पाहू. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. नुसत्या आकड्याने मनाला काही बोध होत नाही. म्हणून एक कल्पना करा. तांदळाच्या एका दाण्याची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते. आता एक नॅनोमीटर वाढून त्या दाण्याच्या जाडीएवढा झाला असे धरले, तर कापडाच्या दुकानातील मीटरची पट्टी त्याच प्रमाणात वाढून सुमारे दोन हजार किलोमीटर लांब होईल. म्हणजे मुंबईहून निघून नागपूर व रायपूरवरून हावड्यास पोहोचणारा सगळा लोहमार्ग तिने व्यापला जाईल. त्या मार्गावर ठेवलेला तांदळाचा एक दाणा, तो एक नॅनोमीटर! आपल्या डोक्यावरील केस जाडीला सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर भरतो. अणू मात्र नॅनोमीटरपेक्षाही लहान असून एका नॅनोमीटरच्या लांबीत तीन-चार अणू शेजारी शेजारी मावतात.

साध्या सूक्ष्मदर्शकातून हे दिसत नाही, आणि त्यात भिंगे घासणाऱ्याचा काही दोष नाही. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. त्या लांबीच्या साधारण निम्म्याहून लहान असे बारकावे प्रकाश वेगळे करून दाखवू शकत नाही. जाड कुंचल्याने बारीक अक्षर काढता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मग शास्त्रज्ञांनी काय केले? त्यांनी पाहण्याचा नाद सोडला आणि चाचपण्याचा मार्ग धरला. १९८१ साली स्वित्झर्लंडमधील झुरिकजवळच्या आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइन्रिख रोरर या दोघांनी एक अजब यंत्र सिद्ध केले. त्यात भिंग नाही. आहे ती धातूची एक सुई, जिचे टोक इतके अणकुचीदार की अगदी अखेरीस एखादाच अणू पुढे आलेला असावा. ही सुई पृष्ठभागाला टेकू न देता सुमारे एक नॅनोमीटरपर्यंत जवळ आणावयाची आणि दोहोंमध्ये थोडा विद्युद्दाब ठेवावयाचा. मधे मोकळी जागा असल्यामुळे वीज वाहू नये असे आपल्याला वाटते. परंतु इतक्या सूक्ष्म जगात इलेक्ट्रॉन ती जागा ओलांडतात, जणू डोंगर न चढता त्यातील भुयारातून पलीकडे निघावे. म्हणून या यंत्राला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप असे नाव पडले. हा प्रवाह अतिशय क्षीण असतो, पण तो विलक्षण हळवाही असतो. अंतर नॅनोमीटरच्या केवळ दहाव्या भागाने वाढले की प्रवाह सुमारे दहापट घटतो. तेव्हा प्रवाह कायम राहील अशा बेताने सुई वरखाली करीत पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरविली, तर सुईच्या त्या वरखाली होण्यातूनच पृष्ठभागाचा उंचसखलपणा कागदावर उमटतो.

इतक्या बारीक अंतराने सुई सरकविणार कोण? माणसाचा हात तर शक्यच नाही. ते काम पीझो जातीचे पदार्थ करतात. विद्युद्दाब दिला की ते किंचित लांबतात, काढला की पूर्ववत होतात. एका व्होल्टमागे ही वाढ अवघ्या काही नॅनोमीटरची असते. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रात जी चकती गाणे वाजविते तीही याच जातीची.

या शोधाबद्दल बिनिग व रोरर यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जनक एर्न्स्ट रुस्का हे त्या पारितोषिकाचे निम्म्याचे मानकरी होते. त्याच वर्षी बिनिग, कॅल्विन क्वेट आणि ख्रिस्टोफ गेर्बर यांनी याचे धाकटे भावंड जगापुढे आणले. त्याला विजेच्या प्रवाहाची गरज नाही. एका लवचीक, चिमुकल्या पट्टीच्या टोकाशी सुई बसविलेली असते. पृष्ठभागाचे अणू तिला ओढतात वा ढकलतात, आणि पट्टी वाकते. आजच्या बहुतेक यंत्रांत पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पाडून तिचे वाकणे मोजतात. याला अणुबल सूक्ष्मदर्शक म्हणावे. याच्यामुळे काच, प्लास्टिक, पेशी, प्रथिने असे वीज न वाहणारे पदार्थही चाचपता येऊ लागले.

येथवर झाले ते वाचन. आता लेखनाकडे वळू.

जी सुई इतक्या जवळून फिरते ती जरा जास्त दाबली गेली की पृष्ठभागावर ओरखडा उठतो. पहिल्या पहिल्यांदा शास्त्रज्ञ यामुळे वैतागत असत. परंतु जो ओरखडा नको तेथे उठतो, तो हवा तेथेही उठविता येईल, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. त्यातून लेखनाच्या निरनिराळ्या रीती निघाल्या. त्यांतील चार प्रमुख रीती येथे देतो.

पहिली रीत अणू उचलून मांडण्याची. १९८९ साली अमेरिकेतील आयबीएमच्या अल्मेडन प्रयोगशाळेत डॉन आयगलर आणि एर्हार्ड श्वाइत्झर यांनी निकेल धातूच्या पृष्ठभागावर झेनॉन वायूचे ३५ अणू एकेक करून सुईने सरकविले आणि त्यांतून आपल्या कंपनीच्या नावाची तीन अक्षरे मांडली. प्रत्येक अक्षराची उंची पाच नॅनोमीटर! अणू जागेवरून हलू नयेत म्हणून सारा प्रयोग शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियस इतक्या थंडीत करावा लागला. पुढे १९९३ साली तांब्यावर ४८ लोह-अणूंचे रिंगण मांडण्यात आले, आणि त्या रिंगणात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या लहरी, विहिरीत खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारख्या, प्रत्यक्ष चित्रात दिसल्या.

दुसरी रीत गंजाची. हवेत दमटपणा असला की प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा एक अदृश्य पापुद्रा असतो. सुई जवळ आणली की टोक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचा एक सूक्ष्म थेंब सांधला जातो. आता सुईला विद्युद्दाब दिला तर त्या थेंबापुरता सिलिकॉनचा प्राणवायूशी संयोग होतो आणि तेवढीच जागा फुगून वर येते. लोखंडी कढईत रात्री पाण्याचा थेंब राहिला की सकाळी तेवढ्याच जागी गंज चढलेला दिसतो. तेच येथे हुकमी घडविले जाते. सिलिकॉनवर सुईने अशी रेघ ओढण्याचे काम जे. ए. डगाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केले.

तिसरी रीत ज्यांनी बोरू दौतीत बुडवून पुस्ती गिरविली आहे त्यांना चटकन समजेल. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांनी १९९९ साली अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई एका रसायनात बुडवून सोन्याच्या पत्र्यावर टेकविली. त्या रसायनाच्या रेणूंचे एक टोक गंधकाचे असते आणि गंधकाला सोन्याची भारी ओढ. सुई आणि सोने यांच्यामधील पाण्याच्या थेंबातून रेणू खाली उतरले आणि सोन्यास चिकटून बसले. रेघेची रुंदी भरली सुमारे ३० नॅनोमीटर. बोरूच्या लेखनात शाई पातळ झाली की अक्षर पसरते. येथे हवेतील दमटपणा व सुई टेकविण्याचा अवधी यांवर रेघेची रुंदी ठरते. पावसाळ्यात एक माप आणि रायपूरच्या मे महिन्यातील कोरड्या झळांत दुसरे माप, अशी गत होऊ नये म्हणून यंत्राभोवतीची हवा मोजून मापून ठेवावी लागते.

चौथी रीत तापलेल्या सुईची. सुईचे टोक तापवून मऊ बहुवारिकाच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, थराला लावले की तेवढा भाग वितळतो किंवा उडून जातो. २०१० साली आयबीएमच्या झुरिक येथील शास्त्रज्ञांनी या रीतीने पृथ्वीचा उठावाचा नकाशा कोरला. त्याची लांबी २२ व रुंदी ११ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीवर तो आडवा तिनदा मावावा. त्यातील पाच लाख ठिपके कोरण्यास २ मिनिटे २३ सेकंद लागली.

या सर्वांच्या मागे एक जुने भाषण आहे. २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियात बोलताना विचारले होते की ब्रिटानिका ज्ञानकोशाचे चोवीसही खंड टाचणीच्या डोक्यावर का लिहिता येऊ नयेत? त्या वेळी तो प्रश्न बऱ्याच जणांना कविकल्पना वाटला असेल. तीस वर्षांच्या आत अणूंनी अक्षरे लिहिली गेली.

वाचकहो, येथे थोडे थांबून घरातील मुलांना घेऊन एक प्रयोग करून पाहा. पादत्राणांचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका घ्या. तळाशी मुलांना न दाखविता मातीचे दोन-चार उंचवटे व एक-दोन खोलगट वाट्या बसवा आणि झाकण लावा. झाकणावर एकेक सेंटीमीटरवर रेघा आखून चौकटी पाडा व प्रत्येक छेदावर भोक करा. आता विणकामाची सुई त्या भोकांतून एकेक करून तळाला टेकेपर्यंत सोडा, आणि ती किती आत गेली ते पट्टीने मोजून चौकटीच्या वहीत लिहा. आकड्यांना रंग द्या: कमी खोल तेथे पिवळा, जास्त खोल तेथे निळा. झाकण न उघडता आतील डोंगरदऱ्यांचा नकाशा तुमच्या हाती येईल. मग तीच मोजणी सुईऐवजी जाड पेन्सिलीने करून पाहा. पेन्सिल वाटीच्या तळाशी पोहोचत नाही आणि अरुंद खाच नकाशातून नाहीशी होते. जेवढे टोक बारीक तेवढेच ज्ञान बारीक, हे सत्य मुलांना कोणत्याही व्याख्यानावाचून समजेल.

आता त्या भगिनींच्या प्रश्नांकडे येऊ.

पहिला प्रश्न, यातून भले काय होते? येथे खरे तेच सांगितले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले आढळते की सुईच्या या लेखनाने उद्याचे सारे संगणक घडतील. हिशेब करून पाहिला तर तसे दिसत नाही. नखाएवढ्या, एक चौरस सेंटीमीटर तुकड्यावर दहा-दहा नॅनोमीटरवर ठिपके द्यावयाचे तर एक लाख कोटी ठिपके होतात. वर सांगितलेल्या नकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे साडेतीन हजार ठिपके या गतीने, एकट्या सुईला त्यासाठी सुमारे नऊ वर्षे लागतील. म्हणून चिप बनविणारे कारखाने आजही आकृती छापतात ते प्रकाशाच्या साहाय्याने. अतिप्रगत कारखान्यांत त्यासाठी १३.५ नॅनोमीटर लांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशलहरी वापरतात. छापखाना आणि हस्तलिखित यांत जो फरक, तोच येथे आहे. एका सुईऐवजी अनेक सुया लावण्याचे प्रयत्नही झाले. आयबीएमने १,०२४ सुयांचे यंत्र केले. मर्किन यांच्या गटाने २००६ साली एकाच वेळी ५५,००० बोरू चालवून दाखविले. परंतु हे बोरू सारे एकच आकृती गिरवितात. प्रत्येकाकडून निराळे अक्षर काढून घेणे हे अवघडच आहे.

मग हस्तलिखिताचा उपयोग काय? उपयोग असा की छापण्यापूर्वी मूळ प्रत हातानेच तयार होते. चिप छापण्यासाठी जो मूळ साचा लागतो त्यात एखादा नको तो कण राहिला तर तो अशाच सुईने खरवडून काढतात. एक साचा वाचला तर त्यावरून निघणाऱ्या हजारो प्रती वाचतात. जेथे एकच नमुना हवा, पण तो अचूक हवा, तेथे सुईला पर्याय नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मिशेल सिमन्स या विदुषींच्या नेतृत्वाखाली २०१२ साली फॉस्फरसच्या एकाच अणूचा ट्रान्झिस्टर तयार झाला. त्यासाठी सिलिकॉनवरील हायड्रोजनचे नेमके हवे तेवढेच अणू सुईने उडवून जागा मोकळी करण्यात आली होती. प्रथिनांचे सूक्ष्म ठिपके मांडून रक्ताच्या अगदी थोड्या नमुन्यात रोगाची खूण शोधावी, असेही संशोधन या मार्गाने चालू आहे. आणि भिलाईचे पोलाद ज्यांच्या अंगणात तयार होते त्यांना हे सांगावयास नको की गंज हा काही एकाएकी साऱ्या पत्र्यावर चढत नाही. तो एखाद्या क्षुल्लक डागापासून सुरू होतो. तो डाग कोठे व कसा पडतो हे अणुबल सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष पाहता येते.

दुसरा प्रश्न, हे आपल्या देशात व आपल्या ऐपतीत होते काय? होते. पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, पदार्थविज्ञान विभागात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी टनेलिंग सूक्ष्मदर्शक आपल्या हातांनी बांधण्याचे काम केले. त्याच विभागात नॅनोपदार्थांवर दीर्घकाळ संशोधन करणाऱ्या प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी लिहिलेले नॅनोतंत्रज्ञानाचे पाठ्यपुस्तक देशभरचे विद्यार्थी वापरीत आले आहेत. पुण्याच्याच आयसर संस्थेत शिवप्रसाद पाटील यांचा गट अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाखाली कोंडलेल्या पाण्याचे गुणधर्म अभ्यासतो. बोरूच्या रीतीत जो थेंब इतका महत्त्वाचा, त्याच्याशी नाते सांगणारा हा विषय आहे. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात जी. यू. कुलकर्णी, सी. एन. आर. राव व सहकाऱ्यांनी धातूंचे नॅनोकण पाण्यात मिसळून त्यांचीच शाई केली आणि सुईने लिहून दाखविले. ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले.

तयार यंत्राची किंमत लाखांत आणि निर्वात व अतिशीत यंत्राची कोटींत जाते, हे खरे. परंतु टनेलिंग सूक्ष्मदर्शकाचे मूळ तत्त्व इतके साधे आहे की हौशी मंडळींनी ध्वनिचकती, धारदार कापलेली तार व थोडी विद्युत्-मंडले यांतून घरीही ते बांधले आहे. खरा खर्च असतो तो शांततेवर. रस्त्याने मालमोटार गेली तरी सुई थरथरते. म्हणून यंत्र स्प्रिंगांवर वा रबरी दोरांवर टांगतात, आणि पुष्कळ शास्त्रज्ञ गाव झोपल्यावर कामास बसतात. शिवाय मोठी यंत्रे प्रत्येक विद्यापीठाने घेतलीच पाहिजेत असे नाही. विद्यापीठांतील संशोधकांना ती वापरू द्यावीत या हेतूनेच इंदूर येथे विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त केंद्र चालते. कोणते उपकरण देशात कोठे आहे व ते कसे वापरावयास मिळेल हे सांगणारी आय-स्टेम ही शासकीय योजना २०२० च्या जानेवारीत सुरू झाली आहे.

खुद्द रायपूरकडे पाहा. १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्र यांचे महाविद्यालय म्हणून ज्याचा पाया घातला गेला, ते २००५ साली राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान झाले. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ पासून उभे आहे. भिलाईच्या आयआयटीचे पहिले वर्ग २०१६ साली रायपुरातच भरले आणि आता ती आपल्या स्वतःच्या आवारात नांदत आहे. एप्रिल २०२५ मध्ये नव्या रायपुरात गॅलियम नायट्राइडच्या अर्धवाहक चिपांच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. १९०० साली पेंड्रासारख्या लहान गावाहून माधवराव सप्रे यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, तेव्हा या प्रदेशात वाचणारे ते किती, असे विचारणारे असतीलच. वाचक नंतर तयार झाले. यंत्रे आणि कारखाने येतील तेव्हा त्यांजवळ उभे राहणारे शिकलेले हातही आधी तयार असावे लागतात.

राहिला तिसरा प्रश्न, आणि आईच्या दृष्टीने तोच पहिला: पाच वर्षे जावीत काय? या सदराला भविष्य सांगता येत नाही, पण काही गोष्टी स्पष्ट लिहिता येतात. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ च्या जानेवारीपासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. पहिल्या दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. तेव्हा मुलगी घरावर भार होणार नाही. परंतु पदवी हाती आल्यावर त्याच विषयातील काम रायपुरातच मिळेल, असे वचन कोणी देऊ नये. ते कदाचित बंगळुरास मिळेल, कदाचित परदेशी. तिला परत यावेसे वाटले तर तिला येथे उभी राहण्यास जागा असेल की नाही, हे निम्मे तिच्या हाती आणि निम्मे आपणा सर्वांच्या हाती आहे.

आणखी एक. हे काम हुशारीपेक्षा चिकाटी अधिक मागते. दहा सुया घडवाव्या तेव्हा एक चांगली निघते. आठवडाभर खपून मिळालेली आकृती एका धक्क्याने बिघडते. आपली मुलगी बिघडलेले विणकाम उसवून पुन्हा टाके घालणारी आहे, की चिडून बाजूला ठेवणारी आहे, हे शिक्षकांपेक्षा आईलाच अधिक ठाऊक असते. पत्राच्या दुसऱ्या पानावर त्या भगिनींनी सहज म्हणून लिहिले आहे की लहानपणी ही मुलगी दिवाळीत एका ठिपक्याची चूक झाली म्हणून सबंध अंगणाची रांगोळी पुसून पुन्हा काढीत असे, आणि तेवढ्यासाठी फराळास खोळंबा होत असे. बाई, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच लिहून पाठविले आहे.

आणि आजीबाईंनाही आमचा नमस्कार सांगावा. छत्तीसगढात म्हणतात की सोन्याचांदीचे दागिने येथेच राहतात, गोदना मात्र माणसाबरोबर जातो. नातीला पुण्यास धाडताना तिच्या हातावर हळदकुंकू लावाल तेव्हा तिला विचारा की आजीच्या मनगटावरील ठिपके तिच्या यंत्राच्या मापाने केवढे भरतात. एकेक ठिपका दोन मिलिमीटरचा धरला, तर तेवढ्या लांबीत तिचे दहा-दहा नॅनोमीटरचे दोन लाख ठिपके एका ओळीत बसतील. हे उत्तर तिने कागदावर मांडून आजीस समजावून दिले, तर ती संशोधनास तयार आहे असे खुशाल समजावे.